पायाला मुंग्या आल्या की दोष वजनालाच?

घरोघरीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘पायाला मुंग्या येतात म्हणजे वाढलेल्या वजनाने नसा दबल्या. बारीक माणसाला हा त्रास होत नाही. दहा किलो उतरवा, मुंग्या आपोआप जातील. तोवर रोज गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, बी-कॉम्प्लेक्स घ्या. तपासण्यांवर पैसे घालवू नका.’ यात खऱ्याचा एक अंश आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं सगळं लोकांच्या गळी उतरतंय. त्याची किंमत मात्र पायाला मोजावी लागते, म्हणून एकेक दावा तपासू.

‘वजनाने नसा दबल्या.’ नस दबून मुंग्या येतात हे खरं. पंगतीत बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय झोपतो आणि चार पावलं चाललं की सुटतो. पण अंगाचा भार तळपायावर पडतो म्हणून तिथल्या नसा चिरडतात, असं होत नाही. कंबरेत नस दबली तर त्रास बहुधा एकाच पायात असतो. तो कुल्ल्यापासून खाली उतरत अंगठ्याकडे नाहीतर करंगळीकडे जातो. सुटलेल्या पोटाने आणि आवळलेल्या पट्ट्याने दबते ती जांघेजवळची नस. तिचा बधिरपणा मांडीच्या बाहेरच्या अंगाला जाणवतो, तळपायाला नाही.

दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू मोजा येतो तिथवर चढणाऱ्या मुंग्या, रात्री तळव्यांची आग, गादीवर चालल्यासारखं वाटणं, हे प्रकरण वेगळं आहे. मणक्याजवळच्या पेशीतून निघालेला मज्जातंतू पायाच्या बोटापर्यंत मीटरभर जातो. त्याला लागणारा बराचसा माल त्या पेशीतूनच पुढे सरकत येतो. पुरवठा बिघडला की कालव्याच्या टेलच्या शेतासारखं टोक आधी सुकतं. म्हणून सुरुवात बोटांपासून होते, आणि मुंग्या गुडघ्याच्या आसपास पोचल्या की हाताची बोटंही बधिर व्हायला लागतात.

आता तो खऱ्याचा अंश. पोटावरची चरबी, रक्तातली वाढलेली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ही मंडळी एकत्र नांदतात आणि मज्जातंतूंना इजा करतात. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या अभ्यासांत तर साखर नॉर्मल असलेल्या लठ्ठ माणसांतही ही इजा जास्त आढळली. म्हणजे वजनाचा संबंध आहे, पण तो भाराचा नाही, रक्तात जे बिघडतं त्याचा आहे. आणि ते वजनकाट्यावर दिसत नाही.

‘बारीक माणसाला होत नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हे. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबीचं प्रमाण जास्त, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. त्यामुळे हातपाय काटकुळे आणि पोट थोडं पुढे असलेल्या माणसाला मधुमेह निघतो तेव्हा घरच्यांना आश्चर्य वाटतं, डॉक्टरांना वाटत नाही. मुंग्यांचं सगळ्यात मोठं कारण हा मधुमेहच, आणि कित्येकांना तो असल्याचा पत्ताच नसतो.

दुसरं कारण बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसतं. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात ते येतं दूध-दह्यातून, आणि वाटीभर पातळ ताकाने दिवसाची गरज भागत नाही. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी घटतं. (म्हणून मेटफॉर्मिन परस्पर बंद करायची नसते. बी-१२ तपासून घ्यायचं असतं.) हिमोग्लोबिन चांगलं असतानाही बी-१२ अभावी मज्जातंतू बिघडलेले असू शकतात. दारू, थायरॉइड, किडनीचे आजार, टीबीवरचं आयसोनियाझिड ही आणखी काही कारणं, आणि यातलं एकही अंगकाठी बघून येत नाही. कुष्ठरोगही अजून संपलेला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही नवे रुग्ण सापडतात. चालताना चप्पल पायातून सुटली आणि कळलंच नाही, किंवा अंगावर फिकट बधिर चट्टा असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे औषध मोफत मिळतं.

‘दहा किलो उतरवा, मुंग्या जातील.’ साखर आणि चरबी जास्त असलेल्याने वजन कमी करावंच, मज्जातंतूंची पुढची इजा त्याने कमी होऊ शकते. पण बी-१२ कमी असलेल्या माणसाने उपास सुरू केले आणि दूधही सोडलं तर तो खड्ड्यात आणखी खोल जातो. झपाट्याने वजन उतरवलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नसेभोवती असलेली चरबीची गादी झिजते, नस हाडावर उघडी पडते, आणि पायावर पाय टाकून बसायची सवय असेल तर पाऊल लुळं पडू शकतं. हे वैद्यकात माहीत असलेलं दुखणं आहे. लठ्ठपणाच्या ऑपरेशननंतर जीवनसत्त्वं नीट घेतली नाहीत तर मुंग्या नव्याने सुरू होतात, तेही असंच.

‘गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवा.’ ज्या पायाला संवेदना कमी, त्यालाच पाणी किती गरम आहे हे कळत नाही. फोड आलेला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो, आणि मधुमेह असेल तर त्याच फोडाची जखम होऊन बोट कापायची वेळ येऊ शकते. शेकायच्या पिशवीलाही हेच लागू.

‘बी-कॉम्प्लेक्स घ्या.’ यातलं बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच मज्जातंतू बिघडवतं, म्हणजे मुंग्यांवरच्या गोळीने मुंग्या. शिवाय आधी इंजेक्शनं घेऊन मग बी-१२ तपासलं तर आकडा फुगलेला येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

‘तपासण्यांवर पैसे घालवू नका.’ पहिल्या तपासणीला लागतो एक नायलॉनचा दोरा. डॉक्टर तुम्हाला डोळे मिटायला सांगतात आणि तळव्याला एकेका जागी तो टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. लागला की ‘हो’ म्हणायचं. दोरा वाकला आणि तुम्ही गप्पच राहिलात, तर खडा टोचल्याचंही त्या जागी कळणार नाही. मग अंगठ्याच्या हाडावर थरथरता ट्यूनिंग फोर्क ठेवतात. हे करायला काही मिनिटं पुरतात. तेव्हा डॉक्टरांपुढे चप्पल-मोजे काढाच, आणि त्यांनी पाय पाहिले नाहीत तर ‘पाय बघा’ असं म्हणा. रक्तात उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c), बी-१२, थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघतात. तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा वर असेल तर मधुमेह, ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाचा उंबरठा. जाड माणसाला ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून परत पाठवणं हाही अन्यायच, कारण त्याचंही बी-१२ कमी असू शकतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. त्या आजारात सुरुवातीला पायाला मुंग्या येतात, मग काही दिवसांत पायांतली ताकद जाते, हा लुळेपणा वर चढतो, आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. आधी बहुधा जुलाब किंवा ताप होऊन गेलेला असतो. अशा मुंग्यांबरोबर जिना चढवेना, गिळवेना, किंवा कंबरदुखीसोबत जांघेत बधिरपणा येऊन लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.