साक्षीदार हजर, स्मृती गैरहजर

गुंगीचे औषध घेऊन आलेल्या माणसाला ‘कसं झालं?’ असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्या प्रसंगाची हकीकत आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक असते, ठाऊक नसते ती फक्त त्यालाच. माझ्या खालच्या जबड्यात आडवी रुतलेली अक्कलदाढ काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी जबडा बधिर करण्याच्या जोडीला शिरेतून सौम्य गुंगी देण्याचा पर्याय सुचवला आणि ‘तुम्ही शुद्धीत असाल, आम्ही सांगू ते ऐकाल, पण नंतर बहुधा काही आठवणार नाही,’ असे आश्वासन दिले. आयुष्यभर हॉटेलच्या बिलाची बेरीज स्वतः करून पाहणाऱ्या माणसाला हे आश्वासन वाटत नाही.

त्यानंतर भूलतज्ज्ञ बाईंनी माझी चौकशी केली. पूर्वी कधी भूल घेतली आहे का, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, जिना चढताना दम लागतो का, एखादा दात हलतो का, अशी सरळ उत्तरांची वाट चालून त्या ‘घोरता का?’ या प्रश्नापाशी आल्या. मी ‘नाही’ म्हणालो, त्याच क्षणी पत्नी ‘हो’ म्हणाली, आणि बाईंनी माझ्याकडे न पाहता तिचे उत्तर लिहून घेतले. यात पक्षपात नव्हता. गुंगीत घशाचे स्नायू सैलावतात आणि मोठ्याने घोरणाऱ्याची श्वासाची वाट झोपेत आधीच अडखळत असते, म्हणून त्यांना खरी माहिती हवी होती. आणि घोरण्याच्या बाबतीत घोरणाऱ्याची साक्ष कोणतेच न्यायालय मानणार नाही. पुढच्या प्रकरणात माझ्या शब्दाला काय किंमत राहणार, याची ती पहिली सूचना होती.

मग उपवासाचे नियम आले. आधी 6 तास हलकेदेखील खाणे नाही, तेलकट असेल तर 8 तास, आणि साधे पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालेल. कारण पटण्यासारखे होते: गुंगीत ठसका देऊन श्वासनलिका राखणारी यंत्रणा सुस्तावते आणि पोटातले वर आले तर ते भलत्या वाटेने फुप्फुसात जाऊ शकते. एवढे शास्त्र मला मान्य होते, परंतु याच शास्त्राने चहाची फाळणी केली आहे, हे मला त्या दिवशी कळले. बिनदुधाचा चहा पाण्याच्या बाजूला बसतो आणि दुधाचा चहा जेवणाच्या पंगतीत. ‘घोटभर चहानं काय होतंय?’ असे आईने पहाटे तीन वेळा विचारले, त्यात तिसऱ्यांदा कप हातात होता. आपल्याकडे उपाशी असणे म्हणजे चहावर असणे, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

वेदनेला गुंगारा देण्याच्या या विद्येत दंतवैद्यांचा वाटा फार मोठा आहे. 1844 साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने लाफिंग गॅसचा करमणुकीचा खेळ पाहिला. त्यात वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय चांगलाच खरचटला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. वेल्सने दुसऱ्याच दिवशी तो वायू स्वतः हुंगून आपली दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये जाहीर प्रयोग केला तेव्हा मात्र रोगी ओरडला आणि प्रेक्षकांनी वेल्सची हुर्यो उडवली. नंतर 1846 मध्ये त्याचाच एके काळचा भागीदार विल्यम मॉर्टन याने त्याच शहरात ईथरच्या वाफेने भूल देण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखवला. शल्यविशारदांच्या आधी दंतवैद्यांनी हे जगापुढे मांडले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. पाय कापायला आलेला माणूस जाणार कुठे? दाढ काढायला आलेला खुर्चीवरून उठून घरी जाऊ शकतो, आणि पुष्कळदा जातो.

मी गेलो नाही. हाताच्या पाठीवर सुई टोचली गेली, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लागला, नाकाशी नळी आली. गुंगी नेमक्या कोणत्या क्षणी येते ते पकडायचे, असा निश्चय करून मी समोरच्या घड्याळावर नजर रोखली. सव्वादहा वाजले होते. मी बाईंना ‘अजून काही वाटत नाही हो’ असे बजावले आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिले तर सव्वाअकरा झाले होते, तोंडात कापसाचा बोळा होता आणि डॉक्टर हातमोजे काढत होते.

मधल्या तासात मी म्हणे अत्यंत शहाण्यासारखा वागलो. ‘आ करा’ म्हटले की आ केला, मान वळवा म्हटले की वळवली. गुंगीने वेदना थांबत नाही, म्हणून जबड्यात बधिरतेचे इंजेक्शन द्यावे लागले, तेव्हा मी कुरकूर केली, तीही आदबीने. हे ऐकून पत्नीने त्या औषधाचे नाव विचारून घेतले. नाव मिडॅझोलम. ते झालेली आठवण पुसत नाही, ते असेपर्यंत नवी आठवण नोंदलीच जात नाही. सगळी बैठक व्हावी आणि इतिवृत्त लिहिणारा कारकून तेवढा रजेवर असावा, तसे. त्याचा असर उतरवणारे उलट औषधही असते, असे बाईंनी आधीच सांगितले होते, आणि ते वाक्य मात्र मला शब्दशः आठवते.

रिकव्हरीच्या खोलीत माझा ताबा मेहुण्याकडे होता, कारण सोबत जबाबदार प्रौढ माणूस असल्याशिवाय घरी सोडत नाहीत आणि पत्नीला बारावीच्या पेपरांची ड्युटी होती. दाढ निघाली का, हा प्रश्न मी त्याला पुन्हा पुन्हा विचारला आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकून नव्याने आनंदित झालो, असे त्याचे म्हणणे आहे. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. परंतु त्याच भरात मी माझी स्कूटर त्याला देऊन टाकली, असेही तो सांगतो.

मी डॉक्टरांच्या सूचनांचा कागद पुढे केला. पुढचे 24 तास महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, व्यवहाराचे निर्णय घेऊ नयेत, असे त्यावर स्पष्ट छापले होते. ओठ बधिर असल्याने ‘व्यवहार’ हा शब्द मला नीट उच्चारता आला नाही, तरी मुद्दा पोचला.

‘दाजी, त्याच्या वरची ओळ वाचा की,’ मेहुणा म्हणाला.

वरच्या ओळीत 24 तास वाहन चालवू नये असे लिहिले होते. तेव्हा वैद्यकीय आज्ञेचा मान राखून तो स्कूटर घेऊन गेला. टाके कधीच निघाले, मी दोन्ही बाजूंनी चावून जेवतो, आणि वाहन परत कधी करावे याविषयी त्या कागदावर एकही सूचना नाही, असे तो फोनवर मला अधूनमधून वाचून दाखवतो.