अभिप्रायाला उत्तर: एक तास दाखवला, दिवस गेला

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की आमच्या ॲपने दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ४०० किलोमीटर आणि वेळ एक तास दाखवली. प्रत्यक्षात मोठ्या विमानतळावर विमान बदलून पोहोचायला अख्खा दिवस गेला. शिवाय दुसऱ्या साइटवर तेच अंतर २१६ दिसतं, म्हणजे आमचा आकडा फुगवलेला.

२१६चा प्रश्न लगेच सुटतो. ते नॉटिकल मैल आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, गुणून पाहा, ४००च येतात.

आता वेळ. ॲप अंतराला विमानाच्या वेगाने भागतं आणि वर अर्धा तास धरतं, धावपट्टीपर्यंत जाणं आणि चढ-उतार यांसाठी. विमानाचा प्रकार बदलला नाही तर जेटचा ताशी ८०० किलोमीटर वेग धरला जातो. हे त्या आकड्याखालीच लिहिलेलं आहे. पण आखूड धावपट्टीवर जेट कुठलं उतरायला? तिथे ट्विन ऑटरसारखं १९ आसनी, पंख्यांचं (प्रोपेलरचं) विमान जातं, ताशी २८०च्या आसपास. नुसतं अंतर कापायलाच त्याला जवळपास दीड तास हवा. त्यात समोरून ताशी ८०चा वारा असला की वेग २००वर येतो आणि दीडाचे दोन तास होतात. जेटला तोच वारा तीन-चार मिनिटांनी मागे टाकतो, बस्स. परतताना वारा पाठीशी असला तरी हिशेब बरोबरीत सुटत नाही: जाऊन-येऊन तीन तास सात मिनिटं, वारा नसता तर दोन तास एक्कावन्न.

(उलटंही होतं. स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण २.७ किलोमीटरचं, दोन मिनिटांच्या आत संपणारं. तिथे आमचा अर्धा तास बघून कुणीही हसेल.)

मात्र तुमचा दिवस वाऱ्याने खाल्ला नाही. त्या दोन विमानतळांमध्ये थेट विमानच नाही. छोट्या ठिकाणांना बहुधा एखाद्या मोठ्या विमानतळाशी जोडलेलं असतं. आपापसात जोडण्याइतके प्रवासी मिळत नाहीत. बऱ्याच ठिकाणी धावपट्टीवर दिवे नसतात, ढगांतून उतरवणारी यंत्रणा नसते. धुकं आलं की थांबा, अंधार पडला की उद्या. मधल्या विमानतळावर तुम्ही किती ताटकळाल हे अंतरावरून काढता येत नाही. म्हणून आम्ही ‘थेट उड्डाण धरून’ एवढंच दाखवतो आणि पुढेही तेच दाखवू. तारे वाढावेत म्हणून त्यात अंदाजाचे चार तास मिसळणार नाही.

पुढच्या वेळी ‘छोटं पंख्याचं विमान’ हा पर्याय निवडा आणि तिकीट काढण्याआधी विमान कंपनीचं वेळापत्रक पाहा. विमानतळ शोधताना शक्यतो त्याचा चार अक्षरी कोड (ICAO) टाका. तिकिटावर दिसणारा तीन अक्षरी कोड (IATA) कित्येक लहान धावपट्ट्यांना नसतोच, आणि नावावरून शोधलं तर त्याच नावाचं भलतंच ठिकाण पुढे येऊ शकतं.