सात सेकंदांची सवलत कुठल्याच कायद्यात नाही

केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीच्या 'गॅल्व्हनाइझ' गाण्यावरून एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे धून हिंदी सिनेमातली, सात सेकंदांपर्यंत उचललेलं फुकट म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही, आणि सँपलिंग (दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा आपल्या गाण्यात वापरणं) म्हणजे नुसतं कट-पेस्ट. याच भरवशावर माझा भाचा जुन्या लावणीचा तुकडा घातलेला ट्रॅक अपलोड करायला निघालाय, म्हणून हे लिहितोय.

धून हिंदी सिनेमातली नाही. मोरोक्कोच्या गायिका नजात आताबू यांच्या 'हादी केदबा बाइना'मधली आहे. केमिकल ब्रदर्स म्हणजे टॉम रोलंड्स आणि एड सायमन्स यांनी ती २००५च्या अल्बमसाठी घेतली. धून त्यांची नाही, एवढंच खरं.

सात सेकंदांचं मात्र साफ खोटं, आणि पोरं यातच अडकतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४(ई) उघडून बघा. मूळ ध्वनिमुद्रण वापरून दुसरं ध्वनिमुद्रण करायचा हक्क मालकाचा. सेकंदांचा आकडा नाहीच. क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या १९७७च्या रेकॉर्डमधला जेमतेम दोन सेकंदांचा ठेका एका जर्मन निर्मात्याने लूप केला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवला. भांडण वीस वर्षं चाललं आणि २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, तुकडा कितीही छोटा असो, मालकाला तो अडवता येतो. कानाला ओळखूच येणार नाही इतका बदललात तर सूट आहे, हे मान्य. पण पट्टी थोडी चढवली म्हणून लावणी ओळखू येत नाही का?

कुणी विचारत नाही म्हणे! केमिकल ब्रदर्सच्याच १९९६च्या 'सेटिंग सन'वर, आमचं सँपल घेतलंय म्हणत, बीटल्सचे वकील आले. त्यात सँपल नव्हतंच, तरी संगीततज्ज्ञ नेमून ते दाखवून द्यावं लागलं.

परवानग्या दोन लागतात: ध्वनिमुद्रणाची कंपनीकडून, रचनेची संगीतकार-गीतकार किंवा त्यांच्या प्रकाशकाकडून. तुकडा स्वतः वाजवून रेकॉर्ड केला तर पहिली वाचते, दुसरी नाही. कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत आणि किती वेळा वाजणार, हे त्यांना रिलीजआधी लेखी कळवायचं.

राहिलं कट-पेस्ट. १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोक्यांचा) लूप नुसता पळवून १३० वर नेला की स्वर सुमारे १.४ सेमीटोन चढतो (पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन). धड या पट्टीत नाही, धड त्या पट्टीत नाही, आणि खाली टाकलेला बेस बेसूर होतो. टाइम-स्ट्रेच केलं (सॉफ्टवेअरने फक्त लांबी ताणली-आवळली) तर स्वर जागेवर राहतो, पण ढोलकीच्या थापेची धार जाते. म्हणून थापा सुट्या कापून नव्या वेगावर एकेक बसवाव्या लागतात. कापताना आवाजाची लहर शून्य रेषेवर नसेल, तर दर फेरीला जोडावर 'टक्' ऐकू येतं.