अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणून हृदय ठणठणीत?

महिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'पाळी चालू असेपर्यंत बाईला हार्ट अटॅक येत नाही. अँजिओग्राफी नॉर्मल आली की छातीतलं दुखणं गॅसचं नाहीतर टेन्शनचं समजा. छोटा अटॅक आलाच असेल तर तो आपोआप भरून येतो.' तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. मधलं सगळ्यात घातक, म्हणून ते आधी.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या. स्नायूत शिरणाऱ्या बारीक वाहिन्या तिच्यात दिसत नाहीत. शिवाय एखादी वाहिनी काही वेळ आखडून पुन्हा सैल झाली किंवा गुठळी विरघळून गेली, तर तपासणीत सगळं मोकळंच दिसणार. तेवढ्या वेळात रक्ताविना स्नायूचा तुकडा मेलेला असू शकतो आणि तिथे व्रण राहतो. तो हृदयाच्या एमआरआयवर ओळखता येतो. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम (एमआरआयत फरक उठून दिसावा म्हणून टोचतात ते द्रव्य) निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं, पण व्रणात रेंगाळतं आणि तो भाग पांढरा उमटतो.

अमेरिकेत छातीदुखीसारख्या तक्रारी असलेल्या, पण मोठ्या वाहिन्यांत अडथळा नसलेल्या 340 स्त्रियांचा असा एमआरआय झाला. 2018 साली निष्कर्ष छापून आले: सुमारे 8 टक्के जणींच्या हृदयावर व्रण होता. त्यांतल्या काहींना अटॅक येऊन गेल्याचं कधी कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभराने पुन्हा तपासल्यावर दोघींत नवा व्रण सापडला. मधल्या काळात दोघीही छातीत दुखतंय म्हणून रुग्णालयात जाऊन आल्या होत्या. अटॅकचं निदान झालं नव्हतं. मला संताप येतो तो याचा. त्या खरं सांगत होत्या.

आता 'आपोआप भरून येतो'. हृदयाच्या स्नायूपेशी नव्याने फारच थोड्या तयार होतात. मेलेल्या स्नायूच्या जागी कोलॅजनचा चिवट थर बसतो. तो भिंत सांधून धरतो, पण आकुंचन पावत नाही. व्रण मोठा असेल तर पंपिंग घटतं. विजेचा संदेश व्रणाला वळसा घालून गोल फिरत राहिला, तर ठोके धोकादायक वेगाने पडू लागतात. झालेला व्रण पुसणारं औषध आज नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं आणि तंबाखू, मिश्री सोडणं याने पुढच्या अटॅकचा धोका नक्की कमी होतो.

पाळीबद्दल थोडक्यात. बायकांना सरासरी पुरुषांपेक्षा उशिरा अटॅक येतो, एवढं खरं. पण रक्तवाहिनीच्या आतल्या थराला अचानक चीर पडून येणारा अटॅक मुख्यतः बायकांनाच, तोही बऱ्याचदा पन्नाशीच्या आत येतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही तो गाठू शकतो.

गॅस असेलही, पण ते हृदय तपासून झाल्यावर ठरवायचं. दुखत असेल तेव्हाच ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन मोजणारी चाचणी) करून घ्या. ट्रोपोनिनच्या एका प्रचलित चाचणीत पुरुषांची मर्यादा 34 आणि बायकांची 16 नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, तेव्हा रिपोर्ट कोणत्या मर्यादेने वाचला हे विचारा. अँजिओग्राफी नॉर्मल येऊनही दुखणं थांबत नसेल तर हृदयाचा एमआरआय करायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. किडनीचा त्रास असेल तर तोही गॅडोलिनियम टोचण्याआधीच सांगा.