जाम झालीय चकती, मार खातोय गिअरबॉक्स

ट्रॅक्टरमागच्या रोटरी मोव्हरची, म्हणजे गवत कापणाऱ्या यंत्राची, पाती ज्या जाड चकतीला लावलेली असतात, ती चकती शाफ्टवर जाम झाली की एक ‘पाच मिनिटांचा उपाय’ हमखास पुढे येतो. तो असा: नट पूर्ण काढून टाका, डिझेल शिंपडा, गॅसने लालबुंद करा, बादलीभर गार पाणी ओता आणि शाफ्टच्या टोकावर घण घाला. तरीही हलली नाही, तर नट थोडा ढिला ठेवून मोव्हर चालवा, आपोआप सुटेल.

यातली एखादी पायरी कुणाला कधीतरी लागू पडली असेल, नाही म्हणत नाही. पण काढायची आहे चकती आणि घाव पडतायत शाफ्टवर. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

आधी ती बसते कशी ते पाहू. बहुतेक मोव्हरमध्ये गिअरबॉक्समधून खाली येणाऱ्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि त्यावर स्प्लाइनचे, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेले, दाते असतात. चकतीचा हब, म्हणजे मधला भोकाचा जाड भाग, तोही आतून तसाच निमुळता. खालून मोठा नट आवळला की हब पाचरीसारखा वर ओढला जातो. त्यात ओलं गवत, माती आणि गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणजे फटीत भरून तो आतून दाबतच राहतो.

आता घणाची गोष्ट. शाफ्टच्या टोकावर मारलेला ठोका शाफ्टमधून वर चढतो आणि थेट बेअरिंगच्या रोलरवर जातो. रोलर आणि त्याची धाव, म्हणजे तो ज्या कड्यावर फिरतो ते, यांचा स्पर्श बारीक रेघेइतका. तिथे खळगे पडतात. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे गिअरबॉक्स घरघरायला लागतो आणि मग सगळे तेलाला दोष देतात. गिअरबॉक्सचं घर ओतीव लोखंडाचं असेल तर त्याला तडाही जाऊ शकतो. नट पूर्ण काढलेला असला तर आटे फुलतात ते वेगळंच. मी स्वतः असे आटे चेपवले आहेत. चकती निघाली, पण नट परत चढेना.

म्हणून आधी कॉटर पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून भोकातून घातलेली पिन, काढा, नट सैल करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. सुटताना चकती धाडकन खाली येते, तिला तोच अडवतो. नट सोडण्याआधी आट्यांची दिशाही बघा. काही यंत्रांत उलटे आटे असतात आणि लांब पाइप लावून चुकीच्या बाजूला जोर करणारे कमी नाहीत. मग पुलर, म्हणजे चकती ओढून काढायचं अवजार. पात्यांच्या बोल्टची भोकं हाताशी असतील तर त्यातून दोन मजबूत बोल्ट आणि एक जाड आडवी पट्टी घेऊन पुलर तयार होतो. जबड्याच्या पुलरपेक्षा तो कमी निसटतो. ताण द्या आणि हातोडा हबच्या बाजूवर मारा. समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरला, तर हब क्षणभर किंचित लांबुळका होतो आणि निमुळती पकड सुटते. नाही सुटली तर पुलर ताणलेलाच ठेवून रात्रभर जाऊ द्या. सकाळी एका ठोक्यात सुटलेल्या चकत्या मी पाहिल्या आहेत. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

उष्णतेची कल्पना चुकीची नाही, तिचं प्रमाण चुकीचं आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन फुगतं. हबचं भोक 50 मिलिमीटरचं धरा आणि तो 200 अंशांनी तापवा: भोक 0.12 मिलिमीटरने मोठं होतं. कागदाच्या जाडीएवढं, आणि बहुधा तेवढं पुरतं. अट एकच, हब तापला पाहिजे आणि शाफ्ट गार राहिला पाहिजे. म्हणून मोठी ज्योत, हबभोवती फिरवत, झटपट. रेंगाळलात तर दोन्ही फुगतात आणि पकड तशीच राहते. कानशीने हबचा एक तुकडा घासून चकचकीत करा. तिथे गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की सुमारे 220 अंश झाले, निळा आला की 300 च्या आसपास. लाल होईपर्यंत म्हणजे 600 च्या वर, तोवर शाफ्टचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरू शकतं. वरचं साधं रबरी ऑइल सील तर 100-120 अंशांच्या पुढे टिकतच नाही; ते बदलायचंच असं धरून चाला.

आणि लाल झालेल्या पोलादावर गार पाणी? ते पोलादाला पाणी देणंच, म्हणजे कडक करणंच झालं, तेही अंदाजे. ठिसूळ झालेला हब पुढे फिरताना तडकला तर? त्यापेक्षा निवत आलेल्या, पण अजून गरम असलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण फटीत आपोआप ओढलं जातं.

डिझेलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. झिरपणारं तेल चांगलं, पण त्याला तास लागतात, मिनिटं नाहीत. आणि तेल, डिझेल किंवा ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत न्यायची नाही. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असतं आणि तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो.

शेवटची पायरी वाचून मात्र अंगावर काटा येतो. दीड मीटर रुंदीचा मोव्हर मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरत असेल तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 78 मीटर, म्हणजे ताशी 280 किलोमीटरच्या वर. अशी जड चकती बिनपिनच्या, ढिल्या नटाच्या भरवशावर फिरवायची! सुटली तर कुठे जाईल ते कुणाच्या हातात नाही, आणि नाही सुटली तर ढिल्या हबने स्प्लाइनचे दाते खाल्लेले असतात. काम करायचं ते इंजिन बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मोव्हरला देणारा दांडा) वेगळा काढलेला आणि मोव्हर भक्कम टेकूंवर. हायड्रॉलिकवर उचललेल्या मोव्हरखाली जायचं नाही.

एवढं करूनही हलत नसेल तर हबचा नाद सोडा. ग्राइंडरने हब उभा कापा, दात्यांच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबा आणि छिन्नी घालून फोडा. नवी चकती बसवणं गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा कधीही सोपं. बसवताना निमुळता भाग तारेच्या ब्रशने लखलखीत करा, नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळा. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे फिरवायचा नाही, पुढेच आवळून जुळवायचा. आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पिन काढून पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.