पंखे काढले म्हणून कॉम्प्युटर शांत होत नाही

डेस्कटॉप कॉम्प्युटरचा आवाज कसा घालवावा, याचा एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. तो साधारण असा: "आवाज होत असेल तर पंखे कमी करा. एकच ठेवा, पण बॉक्सवर सगळ्यांत कमी डेसिबल लिहिलेला. तो चार पिनांचाच हवा. स्पीडला हात लावू नका, प्रोसेसर जळेल. तरी गरम झालाच, तर बाजूचं झाकण काढून ठेवा."

यातलं एकही वाक्य मला जसंच्या तसं मान्य नाही. लोक हे वाचून धडधाकट पंखे काढून ठेवताहेत, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतोय.

"पंखे कमी करा"

माझ्या धाकट्या भावाने हेच केलं. पुढच्या दोन पंख्यांपैकी एक आणि मागचा एक, असे दोन काढले. दुसऱ्या दिवशी फोन: "दादा, पंखे काढले तर आवाज वाढलाच की!" वाढणारच होता. कॅबिनेटमधली, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीतली, गरम हवा बाहेर जायची थांबली, मग प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचे पंखे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत जोरात फिरू लागले. हे पंखे लहान, त्यामुळे त्यांचा आवाज आणखी चिरका.

जास्त पंखे म्हणजे जास्त आवाज, हे पटकन पटतं, पण हिशेब वेगळा आहे. दोन सारखे पंखे एकत्र चालले, तर आवाज एकापेक्षा फक्त ३ डेसिबलने वाढतो. आणि पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. हवा निम्मी होते, आवाज मात्र त्याहून कितीतरी जास्त पडतो. म्हणजे मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या एका पंख्याऐवजी ७५० फेऱ्यांचे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

आकाराचंही तसंच. १२० मिलिमीटरच्या जागी त्याच घडणीचा १४० मिलिमीटरचा पंखा बसत असेल, तर तेवढ्याच वेगात तो दीडपटीहून जास्त हवा देतो. मग तो हळू चालवा. तेवढीच हवा मिळून पाचेक डेसिबल वाचतात. विकत घ्यायच्या आधी कॅबिनेटवरच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मात्र मोजा: १२० च्या पंख्याची भोकं एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात.

एक काळजी घ्यायची. दोन पंखे जवळपास सारख्याच वेगाने फिरले, तर त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून 'घुंऽऽ... घुंऽऽ' अशी लाट येते. सात पात्यांचा पंखा १२०० फेऱ्यांवर सेकंदाला १४० वेळा हवा कापतो, शेजारचा १४२ वेळा कापत असेल तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. रात्रीच्या शांततेत ही लाट फार छळते. एकाचा वेग १०० फेऱ्यांनी खाली आणा, लाट नाहीशी होते.

"बॉक्सवर सगळ्यांत कमी डेसिबल लिहिलेला घ्या"

तो आकडा मोकळ्या हवेत, समोर काही अडथळा नसताना, बहुतेक वेळा एक मीटर अंतरावरून मोजलेला असतो. कॅबिनेटमध्ये पंख्यासमोर जाळी असते, फिल्टर असतो, मागे केबलींचा गुंता असतो. शिवाय तो आकडा कोणत्या वेगाचा, हे पाहिल्याशिवाय दोन पंख्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एक ८०० फेऱ्यांवर मोजलेला आणि दुसरा १८०० वर, तर पहिल्याचा आकडा लहान येणारच.

हे स्वतःच्या कानांनी ऐकता येतं. पंखा चालू करून चौकट हातात धरा, बोटं पात्यांपासून लांब. नुसती हवेची सळसळ येईल. आता ज्या बाजूने तो हवा ओढतो, ती बाजू हळूहळू कॅबिनेटच्या जाळीकडे न्या. शेवटच्या सेंटिमीटरभरात सळसळीचा सूर बदलतो आणि पंखा गुणगुणायला लागतो. पंखा तोच, वेगही तोच. बारीक भोकांच्या पत्र्यातून फाटत आलेली हवा पात्यांवर आदळते, त्याचा तो आवाज. म्हणून आधी फिल्टर धुवा, केबली बाजूला बांधा, आणि जागा असेल तर पंखा आणि जाळी यांच्यात थोडं अंतर सोडा.

मग पंखा चालू असतानाच कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात दाबून ठेवा. आवाज दबला, तर तो पंख्याचा नाही, थरथरणाऱ्या पत्र्याचा आहे. तिथे नवा पंखा काही करणार नाही. स्क्रूऐवजी रबराच्या किंवा सिलिकॉनच्या खुंट्या लावा आणि सैल झालेले स्क्रू आवळा.

"चार पिनांचाच हवा"

चार पिनांचा, म्हणजे चार तारांच्या जोडणीचा, पंखा सोयीचा, यात शंका नाही. चौथ्या तारेवरून वेगाचा इशारा २५ किलोहर्ट्झला जातो, माणसाच्या कानाच्या पल्याड. पण तीन पिनांचा पंखाही व्होल्टेज कमी करून शांत चालवता येतो. खरी चूक दुसरीकडेच होते. तीन पिनांचा पंखा लावलेला असतो आणि बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, त्या जोडणीला 'पीडब्ल्यूएम' (चौथ्या तारेवरून वेग ठरवणं) निवडलेलं असतं. मग पंख्याला कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि तो सदासर्वकाळ फुल स्पीडने फिरतो. बायॉसमध्ये जाऊन 'डीसी' (व्होल्टेजवरून वेग ठरवणं) निवडा. पंखा सदोष म्हणून परत करण्याआधी एवढं एकदा पाहाच.

"स्पीडला हात लावू नका, प्रोसेसर जळेल"

या वाक्यावर माझा सगळ्यांत जास्त आक्षेप आहे, कारण ते भीती घालतं आणि जो उपाय फुकट आहे तोच करू देत नाही. आजचे प्रोसेसर ठरावीक मर्यादेला, बऱ्याच मॉडेलांत ९५ ते १०० अंशांना, पोहोचले की स्वतःच वेग उतरवतात. त्याहीपुढे गेले तर मशीन बंद होतं.

जास्त हवेने नेमकं मिळतं किती, तेही पाहा. कॅबिनेटमध्ये ३०० वॅट उष्णता तयार होतेय आणि तासाला ८५ घनमीटर हवा आरपार जातेय, तर ती हवा साधारण १० ते ११ अंशांनी तापून बाहेर पडते. हवा दुप्पट केली तर ५ अंशांनी तापेल. म्हणजे वेग दुप्पट करून १५ डेसिबल आवाज वाढवला आणि आतली हवा जेमतेम ५ अंशांनी उतरली. ७० अंशांवर निवांत चाललेला प्रोसेसर ६५ वर आणायला एवढा गोंगाट कशासाठी सोसायचा?

त्यात कानाला सर्वाधिक खुपतो तो बदलता आवाज. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचं तापमान क्षणात १५-२० अंश उसळतं, पंखा धावतो, लगेच मंदावतो, पुन्हा धावतो. बायॉसमध्ये कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचा आलेख असतो, तो ६० अंशांपर्यंत सपाट ठेवा, तिथून पुढे हळूहळू चढवा, आणि वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा. फार खाली मात्र जाऊ नका. बरेच पंखे २०-३० टक्क्यांच्या खाली अडखळतात किंवा थांबतात. बदल केल्यावर अर्धा तास जड काम चालवून तापमानावर नजर ठेवा.

"बाजूचं झाकण काढून ठेवा"

आवाज अडवणारी भिंतच काढली, तर आवाज वाढणार. धूळ थेट आत जाते ती वेगळीच.

आता पंखा खरोखर बदलायचा कधी, तेही सांगतो. वेग कमी करूनही टिकटिक किंवा खरखर येत राहिली, तर बेअरिंग गेलं समजा. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल सुकतं, आणि पंखा आडवा बसवलेला असेल तर लवकर सुकतं. अशा वेळी फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा, म्हणजे ज्यात दांडा तेलाच्या थरावर फिरतो असा, पंखा घ्या. बसवताना पाहा: मोटारीला धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा बाहेर टाकणारा.

भावाचे दोन्ही पंखे परत लावले, तेव्हा मागच्या जाळीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरली होती. ती आत ओढली जात होती. गडबडीत मागचा पंखा मीच उलटा बसवला होता. चार स्क्रू काढून तो फिरवला, पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडली आणि काही मिनिटांतच ग्राफिक्स कार्डचे पंखे मंदावत गेले.