आधी कपाशीना भाव सांग

परवा आमच्या ओट्यावर टॅब घेतलेला एक पोरगा येऊन बसला. कुठल्याशा सर्व्हेचा होता. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव त्याच्या यादीत कसं आलं देव जाणे. त्याने विचारलं, देशाचा आर्थिक कारभार कसा चाललाय, तुमचं गेल्या वर्षापेक्षा बरं आहे का, आणि पुढच्या वर्षी सुधारेल की बिघडेल? आबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "आधी तू कपाशीना भाव सांग, मंग मी सांगस." पोरगा हसला. आबा हसले नाहीत.

त्या टॅबमध्ये एक प्रश्न कमी होता असं मला तेव्हापासून वाटतंय. तुम्ही माल विकता की विकत घेता?

१२ नोव्हेंबरला बातमी आली, ऑक्टोबर २०२५ची किरकोळ महागाई फक्त ०.२५ टक्के. २०१२ हे वर्ष पाया धरून मोजायला लागल्यापासूनची सगळ्यात कमी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्यांनी फटाके फोडले, अर्ध्यांनी आकडा खोटा ठरवला. मला विचाराल तर आकडा खोटा नाही. खाण्याच्या वस्तू आदल्या वर्षापेक्षा पाच टक्के स्वस्त झाल्या होत्या, म्हणून तो खाली आला. पण कांदा, डाळ, भाजीपाला स्वस्त झाला म्हणजे तो पिकवणाऱ्याच्या हाती कमी पडला, एवढा हिशोब कोणी करायचा?

माझा मावसभाऊ सुरतेत लिंबायतला राहतो. तो फोनवर म्हणाला, "यंदा किराण्याला हात सैल आहे, पगार पुरतो." खरं बोलला. त्याच आठवड्यात खेडा खरेदीवाला आमच्या कापसाला क्विंटलमागे साडेसहा हजार सांगून गेला, हमीभाव ८,११० असताना. एकाच खापरावरचे मांडे खाऊन मोठे झालेले आम्ही दोघं, पण त्या पोराला दोघांनी उलटी उत्तरं दिली असती. माझ्या घरातच बघा ना. बायकोच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. ती म्हणाली, "माझं तर बरंच चाललंय, तुमचं तुम्ही बघा."

आता आमच्या बाजूचीही एक गोष्ट कबूल करतो. २०२१-२२ला कापूस १२ हजारांपर्यंत गेला, हमीभाव ६,०२५ असताना. आबा तेव्हा सरकारवर बेहद्द खूश. सरकारने काय केलं होतं? काही नाही. जगभर कापसाला तेजी होती, न्यूयॉर्कचा वायदा चढला होता. पुढच्या वर्षी गावाने ठरवलं, दहाच्या खाली द्यायचाच नाही. मागची खोली छतापर्यंत भरली. होळी गेली, आखाजी गेली, भाव काही वर येईना. कापसाने पोरांच्या अंगाला खाज सुटली, उंदरांनी बिळं केली, आम्ही सगळे ओट्यावर झोपायला लागलो. वजन घटलं ते वेगळंच. जूनमध्ये बियाण्याला पैसा हवा म्हणून सात हजारांनी मोजून दिला. तेव्हा आबांनी ज्या शिव्या घातल्या त्याही सरकारलाच. त्यातल्या निम्म्या तरी आम्ही आम्हाला घालायला हव्या होत्या.

२०२५च्या शिव्यांचं मात्र तसं नाही. अमेरिकेने त्या ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर लावला. गिरण्यांना आधार म्हणून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ झालं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांत राबणाऱ्यांचीही पोटं आहेत, ते कळतं मला. पण खान्देशात वेचणी दसरा-दिवाळीलाच असते. बाहेरचा कापूस बिनशुल्क आणायला नेमके तेच महिने? हा कारभार झाला, आणि कारभारावर मत द्यायचा हक्क आम्हाला आहे.

रिझर्व्ह बँकही लोकांना असेच प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून एक आकडा काढते. शंभराच्या वर आकडा म्हणजे लोक आशेवर, खाली म्हणजे निराश. मे २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आजच्या परिस्थितीचा आकडा ४८.५वर गेला होता. गंमत म्हणजे शहरातल्या लोकांचा आजचा आकडा कित्येक वर्षं शंभराच्या खालीच राहिला आणि पुढच्या वर्षाचा बहुतेक वेळा वर. टीव्हीवरचे तज्ज्ञ याला जनतेचा विश्वास म्हणतात. मला त्यात आबा दिसतात. शेवटी त्यांनीही पोराला "सुधारेल"च दाबायला लावलं. न सुधारायचं धरलं तर जूनमध्ये बियाण्याचं पाकीट कोण विकत घेईल?

(सोन्याचं विचारू नका. २०२५च्या एप्रिलमध्ये तोळा लाखाला टेकला तेव्हा आई पोतीकडे बघून म्हणाली, आपण श्रीमंत झालो. पोत तेव्हा गहाण होती.)

पोरगा चहा पिऊन गेला. आमचं बारा क्विंटल अजून मागच्या खोलीत आहे. कपास किसान ॲपवर नोंदणी झालीय, सीसीआयचा, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाचा, स्लॉट मिळायचाय. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर गाडी परत, म्हणून आबा रोज सकाळी मूठभर कापूस काढून दाबून बघतात. धाकट्याची खाज कालपासून सुरू झालीय.